कोठारींच्या मागे नाईक, नाईकांच्या मागे कोण?

तुम्ही बी.एड. किंवा एम.एड. केलं असेल, तर ‘नुरुल्ला आणि नाईक’ ही जोडी तुमच्या ओळखीची असणार. ब्रिटिश काळातल्या भारतीय शिक्षणाचा त्यांचा जाडजूड इतिहास १९४३ साली निघाला आणि अजूनही शिक्षणाच्या इतिहासावरच्या नोट्स त्याच्यापासूनच सुरू होतात. नेटची तयारी केली असेल, तर ‘कोठारी आयोग, १९६४–६६’ पाठ केला असेल. आणि पीएच.डी.ला प्रवेश मिळाल्यावर आयसीएसएसआरच्या फेलोशिपचा अर्ज भरला असेल, किंवा आता भरणार असाल.

या तिन्ही ठिकाणी एकच माणूस आहे. पुस्तकावरचे नाईक तेच, कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव तेच, आणि १९६९ साली आयसीएसएसआर सुरू झाली तेव्हा तिचे पहिले सदस्य-सचिवही तेच. जयंत पांडुरंग नाईक, म्हणजे जे. पी. नाईक. जन्म ५ सप्टेंबर १९०७, मृत्यू ३० ऑगस्ट १९८१. गाव बहिरेवाडी, तालुका आजरा, जिल्हा कोल्हापूर.

आज या माणसाबद्दल आणि त्याच्या घराबद्दल लिहायचं आहे. ‘घराबद्दल’ हा शब्द मुद्दाम वापरतोय. प्रौढ शिक्षणावर काम करणाऱ्या व्यक्तीचं चरित्र संशोधनासाठी घ्यायचं ठरलं, की आपण भाषणं, अहवाल, पुरस्कार गोळा करतो आणि घर ‘वैयक्तिक जीवन’ नावाच्या अर्ध्या पानात बसवून मोकळे होतो. माझं म्हणणं असं आहे, की प्रौढ शिक्षणाच्या बाबतीत तरी हे चालत नाही. का, ते टप्प्याटप्प्याने बघू.

आधी नावापासून

जे. पी. नाईक हे जन्मनाव नव्हे. त्यांचं मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. पुढे ते जयंत पांडुरंग नाईक झाले आणि जगाने त्यांना त्याच नावाने ओळखलं.

नवख्या संशोधकाला ही फक्त गमतीची माहिती वाटते. पण समजा, तुम्हाला त्यांच्या शाळेच्या, कॉलेजच्या किंवा घराच्या नोंदी शोधायच्या आहेत. अभिलेखागारात बसून ‘नाईक’ या नावाखाली कितीही शोधा, बालपण हाती लागणार नाही, कारण ते ‘घोटगे’ या नावाखाली आहे. वडिलांचं नाव, आडनाव, स्वतःचं नाव, तिन्ही बदलली, म्हणजे कागदोपत्री तो दुसराच माणूस झाला.

आता जरा थांबा आणि विचार करा. पुरुषाचं नाव बदललं की आपण त्याची तळटीप करतो. बायकांच्या बाबतीत हेच लग्नात घडतं आणि आपण तळटीपसुद्धा करत नाही. म्हणून नियम असा ठेवा: ज्या व्यक्तीवर काम करायचं, तिची सगळी नावं पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहायची. माहेरचं, सासरचं, टोपणनाव, इंग्रजी आद्याक्षरं, चुकीची स्पेलिंगं, सगळं.

कामाचा आवाका

जे. पी. स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगात गेले. सुटल्यावर धारवाड जिल्ह्यातल्या उप्पिन बेटगेरी या गावात राहून त्यांनी ग्रामसुधारणेचं काम केलं. १९४० च्या दशकात कोल्हापूर संस्थानच्या प्रशासनात होते. १९४७ च्या सुमारास भुदरगड तालुक्यात गारगोटीला मौनी विद्यापीठ उभं राहिलं, त्यामागे ते होते. १९४८ साली मुंबईत भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली. ती १९७६ मध्ये पुण्याला आली. कोथरूडमध्ये संस्था ज्या रस्त्यावर आहे, त्याला आज जे. पी. नाईक पथ म्हणतात. पुढची अनेक वर्षं दिल्लीत शिक्षण मंत्रालयाचे सल्लागार होते. १९७४ साली पद्मभूषण मिळालं.

खेडं, संस्थान, विद्यापीठ, मंत्रालय. एवढ्या पातळ्यांवर काम केलेला शिक्षणतज्ज्ञ आपल्याकडे विरळाच. तरीही त्यांचं नाव सामान्य वाचकाला माहीत नसतं. त्याचं एक कारण त्यांच्या पदातच आहे.

आयोगाचा अहवाल अध्यक्षांच्या नावाने ओळखला जातो. १४ जुलै १९६४ ला आयोग नेमला गेला, २ ऑक्टोबरला काम सुरू झालं, २९ जून १९६६ ला अहवाल सादर झाला. अध्यक्ष भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंह कोठारी, म्हणून ‘कोठारी आयोग’. सदस्य-सचिवाकडे माहिती जमवणं, कृतिगट चालवणं, मसुदे जुळवणं, सगळी ओझी असतात. नाव मात्र आतल्या पानावर येतं. म्हणजे कोठारींच्या नावामागे नाईक आहेत, ही पहिली पायरी. तुमच्या विषयात एखादा सरकारी अहवाल असेल, तर सदस्य-सचिव कोण होतं, ते आधी बघा. लेखणी बहुतेक वेळा तिथे असते.

अहवालातलं एक वाक्य आणि जालना एमआयडीसी

कोठारी आयोगाच्या अहवालात प्रौढ शिक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे. आपण ते सोडून देतो, कारण परीक्षेत १०+२+३ वर प्रश्न येतो. पण त्या प्रकरणात निरक्षरता हटवण्याचे दोन मार्ग सांगितले आहेत. एक निवडक, म्हणजे ज्या गटांपर्यंत सहज पोचता येतं आणि ज्यांना शिकण्याचा लगेच उपयोग आहे, असे गट आधी घ्यायचे. दुसरा व्यापक, म्हणजे सगळ्या शिकलेल्या माणसांना जुंपून मोहीम काढायची.

निवडक मार्गाखाली एक शिफारस आहे. मोठी शेती, कारखाने, व्यापारी आस्थापना, ठेकेदार अशा सगळ्या मालकांवर जबाबदारी टाकावी, गरज पडल्यास कायद्याने, की माणूस कामाला लागल्यापासून तीन वर्षांत त्याला व्यवहारापुरतं लिहितावाचता करायचं.

मी जालन्यात राहतो आणि माझ्या संशोधनाचं क्षेत्र इथली एमआयडीसी आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं, म्हणजे ही शिफारस आली तेव्हा राज्यात औद्योगिक वसाहतींचे प्लॉट पडायला नुकतीच सुरुवात झाली होती. शिफारस कायद्यात उतरली असती, तर आज प्रत्येक गेटवर सुरक्षेच्या पाटीशेजारी वर्गाच्या वेळेचीही पाटी असती.

ती उतरली नाही. का उतरली नाही, हा धोरणाच्या इतिहासाचा प्रश्न आहे. पण उतरली असती तरी इथे लागू पडली असती का, हा जास्त अवघड प्रश्न आहे. जालन्याची ओळख म्हणजे स्टील आणि बियाणं. भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या आणि सळई ओढणाऱ्या रोलिंग मिल एका बाजूला, बियाणं निवडून पिशव्या भरणारी युनिटं दुसऱ्या बाजूला. भट्टीवरचे बरेच कामगार बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले. ठेकेदार बदलला की हजेरीपट बदलतो. शिफारशीतली ‘तीन वर्षं’ अशा माणसाची धरून चालतात, ज्याची नोकरी एका जागी तीन वर्षं टिकते. शिवाय कुठल्या भाषेतली साक्षरता? वर्ग मराठीत घेतला तर परप्रांतीय कामगाराला त्याचा गावाकडे उपयोग नाही. हिंदीत घेतला तर तहसील कचेरीतला फॉर्म त्याला वाचता येत नाही.

आणि बियाणं निवडणाऱ्या बाया? त्या सकाळी अंधारात उठतात, घरचं उरकून कामावर येतात, संध्याकाळी परत घरचंच काम. कारखान्यातल्या वेळात त्या मजूर असतात आणि घरी गेल्यावर कुणाच्याच मजूर नसतात. मालकावर जबाबदारी टाकून त्यांच्या दिवसात वर्गाचा तास बसत नाही. जेवणाच्या सुट्टीत बसवला तर जेवण जातं, सुटल्यावर बसवला तर चूल थांबते.

अहवालाने आकडेही दिले होते: देशाची साक्षरता १९७१ पर्यंत ६० टक्के आणि १९७६ पर्यंत ८० टक्के व्हावी. १९७१ च्या जनगणनेत ती ३४ टक्क्यांच्या आसपास निघाली. २००१ मध्ये ६५ च्या जवळ पोचली आणि २०११ मध्येही ८० झाली नव्हती. ७४ च्या आसपास होती. जालना जिल्ह्यात २०११ ला पुरुष आणि स्त्रिया यांच्या साक्षरतेत साधारण २० टक्क्यांचं अंतर होतं.

हे अंतर कुठून आलं, असं विचारलं की आपण लगेच ‘जाणीव नाही’, ‘मागासलेपण’ असे शब्द काढतो. जे. पीं.नी वेगळं उत्तर दिलं होतं.

दिवसाचा वेळ कोणाचा?

१९७० च्या दशकात जे. पी. आपल्याच अहवालाकडे जास्त जास्त चिकित्सकपणे बघू लागले. ‘इक्वॅलिटी, क्वालिटी अँड क्वांटिटी’ हे समता, गुणवत्ता आणि संख्या यांच्या न जुळणाऱ्या त्रिकोणावरचं पुस्तक १९७५ चं. प्राथमिक शिक्षणाच्या न पाळलेल्या वचनावरचं पुस्तकही त्याच वर्षाचं. आणि १९७७ ला अनौपचारिक शिक्षणावरचं छोटं पुस्तक आलं.

त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. आपल्या शाळेचे तीन अलिखित नियम आहेत. एक, प्रवेश एकदाच, सहाव्या वर्षी, पहिलीत; मग दर वर्षी एक पायरी. दोन, शिकायचं ते पूर्ण वेळ. तीन, शिकवायचं ते पूर्ण वेळच्या पगारी शिक्षकाने. ज्या मुलाला दिवसा काम नाही, त्यालाच हे तीन नियम परवडतात. गुरं राखणारी, धाकट्या भावंडाला सांभाळणारी, मजुरीला जाणारी मुलं यातून आपोआप बाहेर पडतात आणि मोठी झाली की ‘प्रौढ निरक्षर’ म्हणून आकड्यात परत येतात. म्हणून प्रवेशाची दारं अनेक ठेवा, कुठल्याही वयात आत येऊ द्या, अर्धवेळ शिक्षण द्या आणि गावातल्या शिकलेल्या माणसांनाही शिकवू द्या.

म्हणजे प्रौढ निरक्षरता ही प्रौढपणात तयार होत नाही. ती शाळेच्या वेळापत्रकात तयार होते. दिवसाच्या मधल्या तासांवर ज्याचा हक्क नाही, तो निरक्षर राहतो. जालन्यातल्या बियाणं निवडणाऱ्या बाईला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही.

महाराष्ट्रात ही जाण जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हा त्यांनी आधी घड्याळच बदललं. १९५९ ला साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, पुढे राज्यभर गेली. गावंच्या गावं साक्षर करायची आणि ग्रामगौरव समारंभ करायचा, अशी तिची पद्धत. उत्साह मोठा होता, पण समारंभ झाल्यावर वाचायला काही नसलं की अक्षरं पुसली जातात, हा धडाही तिथेच मिळाला. मग २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला. १५ ते ३५ वयोगटातल्या १० कोटी लोकांपर्यंत पाच वर्षांत पोचायचं आणि साक्षरतेबरोबर व्यवहारज्ञान आणि जाणीवजागृतीही द्यायची, असं त्याचं स्वरूप. दिल्लीतलं सरकार बदललं आणि त्याचा जोर ओसरला.

३० ऑगस्ट १९८१ ला जे. पी. गेले. बहुतेक लेख इथे संपतात.

इथे न संपवता पुढे बघा

चित्रा नाईक. जन्म १९१८, पुणे. शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट, पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अभ्यास. गारगोटीच्या शैक्षणिक कामात सहभाग, मग सरकारी शिक्षण खात्यात एकेक पायरी चढत महाराष्ट्राच्या शिक्षण संचालक. अनौपचारिक शिक्षणावरच्या केंद्राच्या तज्ज्ञ समितीच्या अध्यक्ष. राष्ट्रीय साक्षरता मिशनच्या सदस्य. १९८६ साली पद्मश्री. नव्वदच्या दशकात नियोजन आयोगाच्या सदस्य. मृत्यू २४ डिसेंबर २०१०.

हा परिचय वाचताना तुमच्या लक्षात आलं का, की मी ‘जे. पी. नाईक यांच्या पत्नी’ हे शब्द अजून लिहिलेले नाहीत? आता लिहितो: त्या जे. पी. नाईक यांच्या पत्नी. हे वाक्य परिचयाच्या सुरुवातीला टाकलं की बाकी सगळं त्याच्या सावलीत जातं. शेवटी टाकलं की ती एक माहिती राहते. एक प्रयोग करून बघा. जे. पीं.चा परिचय ‘चित्रा नाईक यांचे पती’ असा सुरू करा. कान टवकारतात ना? मग दुसऱ्या बाजूनेही टवकारायला हवेत.

संबोधनाचंही तसंच. मराठी लेखनात पुरुष ‘नाईक’ होतो आणि बाई ‘चित्राताई’ होते. ताई म्हणण्यात आदर आहे, माया आहे; माणसांनी माणसांना तसंच म्हणावं. पण प्रबंधात एकाला आडनाव आणि दुसरीला नातं, असं नको. दोघं नाईक असल्याने गोंधळ होतो, म्हणून मी इथे ‘जे. पी.’ आणि ‘चित्रा नाईक’ असं लिहितोय.

आता मुख्य मुद्दा. अर्धवेळ, अनेक दारांचं, गावातल्याच माणसांनी चालवलेलं शिक्षण कागदावर मांडलं जे. पीं.नी. ते गावात नेऊन, वर्षानुवर्षं चालवून, अडचणी मोजून बघितलं ते भारतीय शिक्षण संस्थेच्या कृतिसंशोधनाने, आणि ते काम चित्रा नाईकांच्या नेतृत्वाखाली झालं. १९७९ पासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत हा प्रकल्प सुरू झाला; पुढे तो ‘प्रोपेल’ या नावाने ओळखला गेला. दिवसा कामात असलेल्या, साधारण ९ ते १४ वयाच्या मुलामुलींसाठी रात्री दोनेक तासांचे वर्ग. वेळ मुलांच्या सोयीने ठरायची. शिकवणारे गावातलेच. जागा गावाने द्यायची. परीक्षेच्या जागी बालजत्रा, म्हणजे अनेक वर्गांतली मुलं एकत्र येऊन खेळत, गात, वाचत, हिशेब करत, आणि त्यातूनच त्यांची प्रगती कळायची. या वर्गांत मुली मोठ्या संख्येने आल्या.

मुली का आल्या, याचा विचार करा. त्याच गावात दिवसाची सरकारी शाळा होती, फुकट होती. मुलगी तिथे जात नव्हती, कारण दिवसा ती घराला लागत होती. रात्री घर जरा मोकळं झालं की ती कंदिलाच्या उजेडात येऊन बसली. शिकायची इच्छा आधीपासून होतीच. फक्त तिच्या दिवसात जागा नव्हती. ‘पालकांना मुलींच्या शिक्षणाचं महत्त्व कळत नाही’ हे अहवालातलं पेटंट वाक्य या एका निरीक्षणाने ढिलं पडतं. पुन्हा तोच प्रश्न: दिवसाचा वेळ कोणाचा?

आता तुमच्या सिनॉप्सिसकडे या. समजा, तुम्ही शीर्षक दिलंय, ‘जे. पी. नाईक यांचे प्रौढ व अनौपचारिक शिक्षणातील योगदान, १९०७–१९८१’. गाइडला चालेल, समितीलाही चालेल. पण हा कालखंड निवडल्याबरोबर काय झालं बघा. विचार मांडला गेला ती वर्षं आत आली आणि तो विचार जमिनीवर तपासला गेला ती बहुतेक वर्षं बाहेर राहिली. जे. पी. गेले तेव्हा चित्रा नाईक ६३ वर्षांच्या होत्या. पुढची २९ वर्षं त्या जगल्या आणि काम करत राहिल्या. एका माणसाच्या मृत्यूची तारीख आपण विचाराच्या मृत्यूची तारीख म्हणून वापरली. कालखंड ठरवताना प्रश्न विचारायचा तो असा: मी ज्या कल्पनेचा अभ्यास करतोय, ती कधी सुरू झाली आणि कुठपर्यंत चालली? माणूस त्यात कुठेतरी मधे येतो.

एक रुपयाची गोष्ट

जे. पीं.बद्दलच्या लेखांत एक गोष्ट हमखास भेटते: सरकारी कामासाठी ते महिना एक रुपया एवढंच नाममात्र मानधन घेत. ही गोष्ट आदराने सांगितली जाते आणि तिथेच सोडली जाते.

संशोधकाने ती उचलून पुढे न्यायची असते. एक रुपयात घर चालत नाही. दिल्लीत राहायचं, प्रवास करायचा, पाहुणे, पुस्तकं, आजारपण. मग घर कशावर चालत होतं? त्याच घरातली दुसरी व्यक्ती शिक्षण खात्यात पगारी नोकरी करत होती, हे आपल्याला माहीत आहे. म्हणजे त्यागाच्या गोष्टीला एक जमाखर्चाची बाजू आहे. ती शोधायची तर आयोगाचे अहवाल पुरत नाहीत; सेवापुस्तक, बदल्यांचे आदेश, पगारपत्रकं, खासगी पत्रव्यवहार, संस्थेची जुनी खातेवही अशी साधनं लागतात. कुणाची बदली कुठे झाली, दोघं एका गावात किती महिने राहिले, हे नुसतं तक्त्यात मांडलं तरी चरित्राचं एक प्रकरण होतं.

याने जे. पीं.चं मोठेपण कमी होतं का? अजिबात नाही. उलट ते कशावर उभं होतं, ते कळतं. सार्वजनिक कामाला मोकळा वेळ लागतो आणि तो वेळ कुणीतरी दिलेला असतो. कामगाराच्या घरात हे जसं खरं, तसंच पद्मभूषणांच्या घरातही.

शेवटची पायरी, जिथे नावंच नाहीत

तर आपण कोठारींच्या मागे नाईक बघितले, जे. पीं.च्या मागे चित्रा नाईक बघितल्या. अजून एक पायरी खाली उतरायची आहे. चित्रा नाईकांच्या नावामागे ते गावातले शिकवणारे आहेत, ज्यांनी दिवसभर शेतात राबून रात्री वर्ग घेतले. आणि त्यांच्या मागे त्या मुली, ज्या आज पन्नाशीच्या आसपास असतील.

इथे आपली नेहमीची साधनं संपतात. प्रौढ शिक्षणाच्या इतिहासाची ही अडचणच आहे, की ज्यांच्यासाठी ते काम झालं त्यांनी लिहून ठेवलेलं फार कमी सापडतं. अहवालात ते ‘लाभार्थी’ म्हणून आकड्यात असतात. त्यांच्यापर्यंत पोचायला मौखिक इतिहासाशिवाय मार्ग नाही, आणि त्याला मुदत आहे. कागद पन्नास वर्षांनीही मिळतो. माणूस मिळेलच असं नाही.

जालन्यापुरतं सांगायचं तर कागदांचीही वाट वाकडी आहे. हा जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधीचे आकडे औरंगाबाद जिल्ह्याखाली शोधावे लागतात, परतूर तालुक्याचे परभणीखाली. १९५६ च्या आधी मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि निजामाच्या काळात कारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे ‘जालना जिल्ह्यातील प्रौढ शिक्षणाचा इतिहास’ हा विषय घेणाऱ्याने पहिले सहा महिने उर्दू शिकण्यात घालवले, तरी ते वाया जाणार नाहीत.

एमआयडीसीत मी सध्या एक साधी पद्धत वापरतोय, ती तुम्हालाही उपयोगी पडेल. मुलाखतीत ‘तुम्ही का शिकला नाहीत?’ हा प्रश्न मी विचारत नाही. त्यात आरोप असतो आणि उत्तर ठरलेलं मिळतं: परिस्थिती नव्हती. त्याऐवजी म्हणतो, काल तुम्ही उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं, ते तासागणिक सांगा. मग दहा वर्षांची असतानाचा दिवस सांगा. दोन दिवस शेजारी शेजारी मांडले की निरक्षरतेचा इतिहास कागदावर दिसायला लागतो. पाण्याला किती वेळ, भावंडाला किती, मजुरीला किती. आणि या सगळ्यात स्वतःच्या मालकीचा म्हणता येईल असा तास कधी होता, होता का. सध्या ‘उल्लास’ या नावाने नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. त्याचा वर्ग या दिवसात कुठे बसतो, हेही त्याच तक्त्यात तपासता येतं.

हे करताना नीट भान ठेवा. ठेकेदाराच्या माणसासमोर मुलाखत घ्यायची नाही, नाव-प्लॉट नंबर लिहायचा नाही, आणि ज्याचा वेळ घेतोय त्याचा तो दिवसातला एकुलता एक मोकळा तास असू शकतो, हे विसरायचं नाही.

आता गृहपाठ. तुमच्या विषयातली एखादी ‘थोर’ व्यक्ती निवडा आणि चार गोष्टी एका कागदावर लिहा. तिची सगळी नावं. तिच्या नावाखाली प्रसिद्ध झालेलं पण दुसऱ्यांनी लिहिलेलं, आणि दुसऱ्यांच्या नावाखाली गेलेलं पण तिने लिहिलेलं काम. तिचं घर कशावर आणि कुणाच्या वेळावर चालत होतं. आणि ती गेल्यावर ते काम कुणी, किती वर्षं चालवलं. चारपैकी दोन रकाने रिकामे राहिले, तर घाबरू नका. तुमचा संशोधन प्रश्न बहुतेक त्या रिकाम्या रकान्यातच आहे. सिनॉप्सिस तिथून लिहायला घ्या.